आपलं कोणतं, परक्याचं कोणतं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर शाळेत हस्तव्यवसाय शिकवत. पटाशी, कानस, पॉलिश पेपर या वस्तूंचा मान गणिता-इंग्रजीच्या पुस्तकांइतकाच आहे, असं ते मुलांना सांगत. तेव्हा आजचा विषय त्यांना आवडला असता, असं मला वाटतं. संयोजकांना तो आवडलाय की नाही, याची मात्र खात्री नाही. फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग विचारणा झाली, “म्हणजे खेळण्यातली विमानं का हो?”

खेळण्यातली नाहीत. हे पाहा. काळं कुळकुळीत. याच्यावर नाव नाही, नंबर नाही, कुठल्या देशाचं चिन्ह नाही. वैमानिकाची काच रंगवलेली नाही, चाकं नाहीत. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा इंचांहून किंचित जास्त. हे ब्रिटिशांचं स्पिटफायर. खऱ्या स्पिटफायरचे पंख 36 फूट 10 इंच, त्याचा हा बहात्तरावा भाग. 1:72 हे प्रमाण. म्हणजे सहा फुटांच्या वस्तूला एक इंच.

पहिल्या रांगेतल्या मंडळींना मी विनंती करतो की त्यांनी याच्याकडे पाहू नये. हे त्यांच्यासाठी नाही. दहाव्या-अकराव्या रांगेत जे बसलेत त्यांच्यासाठी आहे. तिथून या टेबलापर्यंत साधारण 35 फूट भरतील. 35 ला 72 ने गुणा. 2520 फूट, म्हणजे जवळपास अर्धा मैल. तिथे बसलेल्या माणसाला हे मॉडेल आत्ता जेवढं दिसतंय, तेवढंच खरं विमान अर्ध्या मैलावरून दिसतं. आणि ताशी 300 मैलांनी येणारं विमान तो अर्धा मैल सहा सेकंदांत पार करतं. त्या सहा सेकंदांत मागच्या रांगेतल्या माणसाने ठरवायचं आहे: आपलं की परक्याचं? तोफ डागायची की थांबायचं?

एवढ्यासाठीच ही वस्तू जन्माला आली. आज मला तुमच्यापुढे एकच म्हणणं मांडायचं आहे, बाकी सगळं त्याच्या अवतीभवती आहे. विमान-ओळख प्रतिकृती हे शिकवण्याचं साधन आहे, आणि ते मुख्यतः आपल्याच माणसांना आपल्याच गोळ्यांपासून वाचवण्यासाठी होतं. हे ध्यानात घेतलं तरच या वस्तूंचा संग्रह कसा करावा, काय जपावं आणि कशाला हात लावू नये, हे कळतं. नाहीतर आपण काळी विमानं गोळा करतो, काचेच्या कपाटात लावतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे, यांचा रंग द्यायचा राहूनच गेला की!

आधी ‘आपल्याच माणसांना’ या शब्दांबद्दल बोलतो.

ब्रिटनने 3 सप्टेंबर 1939 रोजी युद्ध पुकारलं. तिसऱ्याच दिवशी, 6 सप्टेंबरला सकाळी, शत्रूची विमानं येताहेत अशी चुकीची वर्दी गेली. हरिकेन विमानं वर गेली, मागोमाग स्पिटफायर विमानं वर गेली. स्पिटफायरवाल्यांनी हरिकेनना जर्मन समजून गोळ्या घातल्या. दोन हरिकेन पडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक गेला. या महायुद्धात मेलेला ब्रिटिश हवाई दलाचा हा पहिला लढाऊ वैमानिक, आणि स्पिटफायरने पाडलेलं पहिलं विमान आपल्याच दलाचं. त्या दिवशी आकाशात एकही जर्मन विमान नव्हतं! या प्रसंगाला बार्किंग क्रीकची लढाई असं नाव पडलं. लढाई कसली, आणि बार्किंगलाही ती झाली नव्हती.

अमेरिकेचं काय झालं? 7 डिसेंबर 1941 ची सकाळ सगळ्यांना माहीत आहे, पर्ल हार्बर. त्या दिवसाची रात्र फारशी कोणाला माहीत नसते. एंटरप्राइझ या विमानवाहू जहाजावरची सहा वाइल्डकॅट विमानं अंधार पडल्यावर पर्ल हार्बरला उतरायला आली. येणार असल्याची सूचना दिली होती. पण दिवसभर मार खाल्लेल्या तोफचींच्या बोटांना ती सूचना कशी कळावी? एकाने गोळी झाडली आणि सगळं बंदर पेटलं. तीन वैमानिक आपल्याच लोकांच्या माऱ्यात गेले.

जुलै 1943, सिसिली. छत्रीधारी सैनिक घेऊन 144 अमेरिकन वाहतूक विमानं रात्री किनाऱ्यावर आली. खाली आपलीच जहाजं, आपल्याच तोफा. 23 विमानं परतली नाहीत. आता तुम्ही म्हणाल, रात्री कसलं ओळखणार? बरोबर आहे. काळोखात काळं मॉडेल काय कामाचं? या साधनाची ताकद सांगताना त्याची हद्दही सांगायला हवी. दिवसाउजेडी, डोळ्यांच्या टप्प्यात आणि ओळखलेलं सांगण्याची मुभा असेल तेव्हाच ते उपयोगी.

ती मुभा नसली म्हणजे काय होतं, याचं उदाहरण फार कडू आहे. 27 ऑगस्ट 1944, फ्रान्सच्या ल हाव्र बंदराबाहेर ब्रिटिश नौदलाची सुरुंग काढणारी जहाजं काम करत होती. ब्रिटिश टायफून विमानं त्यांच्यावर चालून गेली. वैमानिकांच्या म्होरक्याने जहाजं ओळखली होती. ही आपली वाटतात, असं त्याने बिनतारीवरून परत परत विचारलं. वरून उत्तर आलं की तिथे आपली जहाजं नाहीत, हल्ला करा. ब्रिटोमार्ट आणि हुसार ही दोन जहाजं बुडाली, सॅलमँडर पार मोडून गेलं, शंभराहून अधिक खलाशी गेले. डोळ्यांनी बरोबर सांगितलं होतं. कागदाने चूक सांगितली, आणि कागदाचं ऐकलं गेलं.

ही मंडळी निष्काळजी होती का? मला तसं वाटत नाही. काही विमानं एकमेकांसारखी दिसतच होती. ब्रिटिशांचं ब्लेनहाइम आणि जर्मनांचं युंकर्स 88 ही दोन्ही दोन इंजिनांची, चणीने सारखी. कितीतरी ब्लेनहाइम आपल्याच विमानांच्या आणि तोफांच्या तोंडी गेली. टायफून पुढून पाहिलं की फोके-वुल्फ 190 वाटायचं. तो घोटाळा इतका झाला की टायफूनच्या पंखांखाली काळे-पांढरे पट्टे रंगवावे लागले. नॉर्मंडीच्या आक्रमणाच्या वेळी तर हजारो विमानांवर तीन पांढरे, दोन काळे असे पट्टे ओढले गेले, तेही अगदी आदल्या दोन-तीन दिवसांत, हातात ब्रश घेऊन. जुनी छायाचित्रं पाहा, पट्टे सरळ नाहीत. जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराला आणि हवाई दलाला शेवटी असं वाटलं की आपल्या माणसांच्या नजरेवर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. म्हणजे बघा, शिकवणी किती अवघड होती.

ही शिकवणी कोणी केली? साधनं कुठून आली? या भागात मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ज्या सरांच्या नावाने आपण जमलो आहोत त्यांचं हे क्षेत्र.

1942 च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाला प्रतिकृती हव्या होत्या. किती? पाच लाख. 50 प्रकारची विमानं, प्रत्येकाच्या 10,000 प्रतिकृती. कारखाने तर युद्धाच्या मालात बुडालेले. मग नौदलाचे मंत्री फ्रँक नॉक्स यांनी देशातल्या शाळांना साद घातली. देशाच्या शिक्षण कार्यालयामार्फत नकाशे गेले, फर्मे गेले. फर्मा म्हणजे काय, हे इथे बसलेल्या सुतारकामवाल्यांना सांगायला नको. पुठ्ठ्यावर कापलेला आकार, तो लाकडाला लावून बघायचा, उजेड कुठून आत येतो ते पाहायचं, तिथे अजून घासायचं. पाइनसारख्या मऊ लाकडाचा ठोकळा, चाकू, कानस, पॉलिश पेपर. पंख आणि धड जोडलं की सांध्यात लांबी भरायची, परत घासायचं, आणि शेवटी चमक नसलेला काळा रंग.

काळाच का? कारण आकाश उजळ असतं आणि विमान त्याच्यासमोर असतं. दूरवर गेलेल्या विमानाचा रंग, चिन्ह, आकडा काही दिसत नाही. उरते ती कडा. आणि ती कडा चुकली तर? पंख अर्धा इंच पुढे लागला तर बाकी सगळं सुबक असूनही मॉडेल निकामी, कारण ते शिकणाऱ्याला चुकीचं विमान शिकवील. इथे तपासणी कडक होती. शिक्षक तपासत, मग पुढे नौदलासाठी तपासणी होई. पास झालेल्या मुलाला प्रमाणपत्र मिळे, आणि त्यावर एक मानद हुद्दा. सुरुवात कॅडेटपासून, जास्त आणि चांगली मॉडेलं केली की हुद्दा वाढत वाढत कॅप्टनपर्यंत.

जरा कल्पना करा. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. त्याने आयुष्यात मेसरश्मिट पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यताही नाही. तो नकाशावरून ते कोरतो. त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा दुसरा मुलगा खलाशी होऊन प्रशिक्षणाला बसतो, छताला दोरीने टांगलेलं ते मॉडेल पाहतो. दोघांची गाठ कधी पडत नाही. पण एकाच्या हाताने दुसऱ्याचा डोळा तयार होतो. शालेय हस्तव्यवसायाला यापेक्षा जबाबदारीचं काम कधी मिळालं असेल असं मला वाटत नाही. आणि मुलांकडून युद्धाचं काम करून घ्यावं का, हा प्रश्नही मला पडतो. तो मी इथे सोडवत नाही, पण प्रमाणपत्रावरचा ‘कॅप्टन’ हा शब्द वाचताना तो टोचतो, एवढं सांगतो.

1:72 हे प्रमाण मात्र अमेरिकनांचं नव्हे. ब्रिटनमध्ये 1932 पासून स्कायबर्ड्स नावाचे लाकडी संच याच प्रमाणात निघत. 1936 मध्ये फ्रॉग कंपनीने पेंग्विन नावाचे प्लॅस्टिकचे संच काढले, तेही याच प्रमाणात. म्हणजे आधी छंद होता, मग लष्कराने तो उचलला, आणि युद्धानंतर तो परत छंदात आला. 1953 मध्ये एअरफिक्सने पहिलं स्पिटफायर काढलं ते 1:72. आज आपल्याकडच्या दुकानात विमानाचा संच घेतला आणि डब्यावर हा आकडा दिसला, तर त्यामागे हे सगळं आहे. जर्मनांनी वेगळी वाट धरली. बर्लिनच्या वायकिंग कंपनीने 1:200 ची विमानं आणि 1:1250 ची जहाजं केली, अतिशय नाजूक. सौंदर्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण मला विचाराल तर शाळकरी पोराच्या हातचं ओबडधोबड काळं लाकूड मला जास्त प्रिय आहे.

लाकडाला मर्यादा होती. प्रत्येक मुलाचं स्पिटफायर किंचित वेगळं. नौदलाला एकसारखी हवी होती. तेव्हा शिकागोच्या क्रूव्हर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ती प्लॅस्टिकमध्ये ओतायला घेतली. ही कंपनी युद्धाआधी काय करत असे? जाहिरातीचे बिल्ले, खिशातले छोटे आरसे, असला फुकट वाटायचा माल. युद्ध आलं आणि त्याच शहाणपणातून शत्रूची विमानं साच्यातून बाहेर पडू लागली. क्रूव्हरच्या मॉडेलाला उलटं केलं की पोटावर विमानाचं नाव आणि बहुधा महिना-वर्ष उठवलेलं सापडतं. संग्राहकाचा दिवस सार्थकी लावणारी ती दोन-चार अक्षरं.

याच्याहून छोट्या प्रतिकृतीही होत्या, 1:432 च्या, म्हणजे 72 च्या सहापट लहान. मस्टँग विमान एका इंचात बसतं. त्या कशाला? तोफेच्या नेमावर तारेचं एक वर्तुळ असतं. विमान त्या वर्तुळाचा किती भाग व्यापतं यावरून अंतर काढायचं. पण त्यासाठी विमान मुळात केवढं आहे ते ठाऊक हवं. 32 फूट पंखांचं मेसरश्मिट 109 आणि 103 फूट पंखांचं बी-17, दोन्ही वर्तुळात सारखीच दिसू शकतात. एक जवळ आहे, दुसरं कोसभर लांब. ओळखलं नाही तर अंतर चुकलं, अंतर चुकलं तर गोळी चुकली.

बरं, शिकवायचं कसं? यावर त्या काळात चांगलीच भांडणं झाली. एक पद्धत तुकड्यातुकड्याने पाहण्याची: पंख, इंजिन, धड, शेपूट, या क्रमाने. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘वेफ्ट’ म्हणत. शिपायांनी त्या चार अक्षरांचा एक वाह्यात अर्थ लावला होता. तो या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. सारांश एवढाच की दर वेळी चुकणारी पद्धत. पंख कुठे, शेपूट कशी, हे मोजेपर्यंत विमान डोक्यावरून निघून जातं, ही त्यांची तक्रार.

दुसरी पद्धत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सॅम्युएल रेनशॉ या मानसशास्त्रज्ञाची. ते म्हणत, तुकडे पाहू नका, आख्खं पाहा. पडद्यावर विमानाचं चित्र सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरतं चमकवायचं आणि लगेच नाव विचारायचं. नौदलाने ही पद्धत 1942 मध्ये उचलली, कोलंबसला शाळाच काढली. पुढे जेम्स गिब्सन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने हवाई दलासाठी चाचण्या घेतल्या, तेव्हा इतकं झटपट चमकवण्याचा खास फायदा दिसून आला नाही. मग रेनशॉ चुकले का? माझं मत विचाराल तर आख्खं पाहण्याचा त्यांचा आग्रह बरोबर होता, घाई करण्याचा नव्हता. आपण ओळखीच्या माणसाला गर्दीत पाठमोरा ओळखतो ते त्याचं नाक मोजून नव्हे, चालीवरून. आणि ती चाल सावकाश, पुष्कळदा पाहूनच डोळ्यांत बसते.

इथे मॉडेलाची खरी किंमत कळते. पुस्तकातलं छायाचित्र एकाच बाजूचं असतं. विमान तसं कधी येत नाही. ते तिरकं येतं, वळत येतं, अर्धं ढगात असतं. मॉडेल हातात घेऊन फिरवता येतं. त्याच्या मागे दिवा लावून पडद्यावर सावली पाडता येते, सावली वळवता येते. हे चित्राला जमत नाही.

वर्गाबाहेरही हे वेड पसरलं होतं. ब्रिटनमध्ये जानेवारी 1941 पासून ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ नावाचं नियतकालिक निघू लागलं, फक्त विमानं ओळखणाऱ्यांसाठी. गावोगावच्या टेकड्यांवर ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक दुर्बीण घेऊन बसत, कारखान्यांच्या छपरांवर पहारेकरी असत, शाळकरी पोरं त्यांच्याहून पटाईत. अमेरिकेत पत्त्यांच्या जोडावर विमानांच्या काळ्या आकृती छापल्या. चौकटची राणी काढा आणि शत्रूचं विमान बघा. 1943 मध्ये जपानी झीरो विमान ओळखायला शिकवणारा एक प्रशिक्षणपट निघाला. त्यातला तरुण वैमानिक आपल्याच मित्राच्या पी-40 ला झीरो समजतो. ते काम करणारा नट रोनाल्ड रेगन. पुढे तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, ती गोष्ट निराळी.

आणि गंमत अशी की मुळात नसलेली विमानंही माणसं ओळखू लागली! हाइंकेल 113 चा किस्सा सांगतो. जर्मनांनी 1940 मध्ये हाइंकेल 100 जातीची जेमतेम डझनभर विमानं घेतली, त्यांच्यावर निरनिराळ्या तुकड्यांची चिन्हं रंगवली, फोटो काढले, आणि आमच्याकडे 113 नावाचं नवं भयंकर विमान आलंय अशी हवा केली. असं विमान लढाईत उतरलंच नाही. तरी ब्रिटिश वैमानिक खाली उतरून सांगत, आज 113 शी गाठ पडली. ओळख-पुस्तिकांत त्याची आकृती छापली गेली. शिकवलं की दिसतं, नसलेलंही दिसतं. तिकडे पॅसिफिकमध्ये जपान्यांकडे जर्मन विमानं असणारच, असं धरून दोस्तांनी त्यांची टोपणनावंसुद्धा ठेवली होती. मेसरश्मिट 109 चं नाव ‘माइक’. माइक त्यांना लढाईत कधी भेटला नाही. माझ्या दृष्टीने अशा चुकलेल्या ओळखीचे पुरावे संग्रहात मानाच्या जागी हवेत.

आता संग्रहाकडे येतो. तरुण मंडळी विचारतात, काय घ्यावं? मी उलट सांगतो: काय करू नये.

रंग देऊ नका. पहिली आणि शेवटची गोष्ट. जुनं क्रूव्हर मिळालं, कडेला पांढरट झालंय, ओरखडे आहेत, की हौशी माणसाचा हात शिवशिवतो. काळ्या रंगाचा डबा काढतो. त्याहून वाईट म्हणजे कोणी त्याला हिरवा-तपकिरी रंग, चिन्हं, वैमानिक, सगळं काढून ‘खऱ्यासारखं’ करतो. काय गेलं? टांगण्यासाठी पाठीवर पाडलेलं भोक बुजलं. शिक्षकाने पोटावर खडूने लिहिलेला आकडा गेला. पंखाच्या टोकाला हातांनी धरून धरून आलेली झिलई गेली. त्या झिलईतून कळत होतं की हे मॉडेल वर्गात फिरलेलं आहे. न वापरलेलं, खोक्यातलं कोरं मॉडेल बाजारात महाग जातं, जाऊ द्या. मला झिजलेलं हवं.

दुसरी गोष्ट रोगाची. क्रूव्हरचं प्लॅस्टिक म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट. जुन्या चित्रपटांची रिळंही याचीच असत. हे द्रव्य वय झालं की आतल्या आत विघटित होतं, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि खोकं उघडलं की शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास येतो. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात रिळं सांभाळणाऱ्यांना तो वास चांगला ठाऊक आहे. मॉडेल आक्रसतं, पंख वाकतात, एक वर एक खाली. ओळखण्यासाठी केलेलं विमान स्वतःच ओळखू येईनासं होतं! ऊन आणि दमट हवा हे दोन वैरी, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत आणि मुंबईत चार महिने डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करू नका, सुटलेलं आम्ल आत कोंडून रोग बळावतो. हवा खेळती ठेवा, थंड जागा पाहा, आणि ज्याला वास येतो ते बाकीच्यांपासून वेगळं करा. गरम पाण्यात घालून पंख सरळ करण्याचे सल्ले मिळतील. ऐकू नका.

लाकडी मॉडेलांना हा रोग नाही. त्यांना कसर आणि वाळवी. ते आपल्याला नवीन नाही.

तिसरी गोष्ट, जरा विचार करण्यासारखी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात अशा प्रतिकृतींचा मोठा साठा आहे, तो पाहावा. पण शाळकरी मुलांच्या हातची लाकडी मॉडेलं आज घराघरांच्या जुन्या सामानात सापडतात, ती कोणती असतील? माझा अंदाज सांगतो. जी पास झाली ती नौदलाकडे गेली, वर्गात टांगली गेली, हाताळली गेली, मोडली आणि फेकली गेली. घरी राहिली ती बहुतेक नापास झालेली, किंवा अर्धवट, किंवा हौसेने स्वतःसाठी केलेलं जास्तीचं. म्हणजे आज आपण ज्याला ‘उत्तम अवस्थेतलं’ म्हणतो ते बहुधा तपासणीत नाकारलेलं. हे मान्य केलं तर अशा मॉडेलाला नकाशा लावून बघावा. चूक कुठे आहे? पंख जाड राहिलाय? शेपूट उंच झालीय? ती चूक नोंदवावी, सुधारू नये.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आज रडार आहे, मित्र की शत्रू हे विमानालाच विचारून घेणारं आयएफएफ यंत्र आहे. आता डोळ्याचं काय काम?

27 फेब्रुवारी 2019 या दिवशी काश्मीरमधल्या बडगामजवळ आपल्या हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की ही आपली मोठी चूक होती. यंत्रं होती, पडदे होते, शिकलेली माणसं होती. 1939 च्या त्या सकाळीही रडार होतं. मी यातून यंत्रांविरुद्ध काही सिद्ध करत नाही. त्या दिवशी डोळ्याने तरी काय केलं असतं, हेही मी सांगू शकत नाही. मात्र ‘आता हा प्रश्न सुटला’ असं कोणी म्हटलं की मला नाशिक आठवतं.

युद्ध संपल्यावर या प्रतिकृती बंद पडल्या नाहीत. मिग-15 आलं, त्याचंही काळं मॉडेल आलं. रणगाड्यांच्या प्रतिकृती तर युद्धातच निघाल्या होत्या, 1:108 च्या, धातूच्या. संग्राहकांत त्यांचा पंथ वेगळा, आणि ते आमच्याकडे जरा तुच्छतेने बघतात. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतले छात्र अजूनही विमानांची मॉडेलं बनवतात, उडवतात. त्यांच्या एखाद्या शिक्षकाने दोन तास फक्त सावल्या ओळखायला दिले तर मुलांना मजा येईल, असं मला वाटतं. साहित्य काही लागत नाही: एक दिवा, एक पांढरी चादर.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. बाहेर टेबलावर काही प्रतिकृती मांडल्या आहेत. ‘हात लावू नये’ अशी पाटी मुद्दाम ठेवलेली नाही. घ्या, फिरवा, एक डोळा मिटून बघा. त्यांचा जन्म त्यासाठीच आहे. डाव्या बाजूची पुठ्ठ्याची पेटी तेवढी उघडू नका. तिच्यातल्यांना व्हिनेगरचा वास यायला लागलाय.